लिहून देणार

मटार सोलत बसले होते, तेवढ्यात भावाचा मेसेज आला. ‘ताई, ड्राफ्ट पाठवलाय. शनिवारी अकराला सही करून टाकू. तासाभरात मोकळी होशील.’ खाली सात पानांची पीडीएफ. हात पुसून उघडली. वर ठळक अक्षरांत ‘हक्कसोडपत्र’. त्याखाली ‘लिहून घेणार’ म्हणून भावाचं नाव, वय, पत्ता आणि ‘धंदा : नोकरी’. मग ‘लिहून देणार’. क्रमांक एक आई, क्रमांक दोन मी. दोघींच्याही नावापुढे ‘धंदा : घरकाम’.

मी २८ वर्षं बँकेत नोकरी करते. भावाला हे चांगलं ठाऊक आहे, त्याच्या पहिल्या मोटारसायकलच्या कर्जाला जामीन मीच होते. तशी ती चूक त्याची नव्हे. वकिलाच्या टायपिस्टकडे एक जुना मसुदा असतो, त्यात नावं तेवढी बदलतात आणि बाईच्या नावापुढे घरकाम आपोआप येऊन बसतं. मी दुरुस्त करायला पेन शोधलं (पीडीएफवर पेन चालत नाही हे पन्नाशीत कधीकधी विसरायला होतं) आणि मग तशीच खाली वाचत गेले. शेवटच्या पानावर होतं : ‘सदरचे हक्कसोडपत्र आम्ही आमच्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, कोणतीही नशापाणी न करता लिहून दिले असे.’

नशापाण्याचं मी माझ्या आणि ७४ वर्षांच्या आईच्या वतीनं छातीठोक सांगू शकते. राजीखुशी आणि अक्कलहुशारीपाशी मात्र गाडी अडली. मटार तसेच राहिले. त्या रात्री आम्ही पिठलं खाल्लं.

घर म्हणजे बाबांचा कोथरूडमधला फ्लॅट. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागच्या बाजूला एक जांभळाचं झाड. ते झाड सोसायटीच्या प्रत्येक सभेत अजेंड्यावर असायचं. आता झाडासकट सगळंच जायचं आहे. पुण्यात हल्ली कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी इमारत हिरव्या जाळीत गुंडाळलेली दिसते. तीन मजल्यांच्या जागी अकरा होतात, जुन्या सभासदांना थोडी जास्त जागा आणि लिफ्ट मिळते. बिल्डरला हवं असतं ते क्लिअर टायटल. बाबा २०२३ मध्ये गेले ते मृत्युपत्र न करता. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, विश्वस्त, हे तर मी काउंटरवर बसून शेकडो लोकांना समजावलेलं आहे. आपल्या घराची गोष्ट आली की आपणही काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहतो.

या घरावर बाबांचा जीव होता. ते १५ वर्षांचे होते तेव्हा, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नारायण पेठेतला त्यांचा भाड्याचा वाडा बसला. चिखलातून एक पितळी घंगाळ तेवढं निघालं. पुढची २० वर्षं कुटुंबानं भाड्याच्या खोल्या बदलत काढली. म्हणून १९८१ साली घर घेताना बाबांच्या अटी दोनच होत्या, नदीपासून लांब आणि तळमजला नको. कोथरूडला तेव्हा लोक ‘गावाबाहेर’ म्हणायचे. बाबा म्हणायचे, पाणी तरी येणार नाही. (पुढे उन्हाळ्यात नळालाही यायचं नाही, तेव्हा आई हेच वाक्य त्यांना ऐकवायची.)

ते घर भावाचं होणार हे कुणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही. आत्यानं १९८७ साली भोरकडच्या जमिनीवरचा हक्क सोडला तेव्हा तिला बाबांनी हिरवी साडी घेतली, मोराच्या काठांची. आत्या ती प्रत्येक लग्नात नेसायची आणि सांगायची, भावानं दिली. साडीचोळीवर बहिणीची बोळवण, असं आज आपण म्हणतो. आत्याच्या चेहऱ्यावर मात्र बोळवण केल्याची खूण मी कधी पाहिली नाही. मी तेव्हा १२ वर्षांची होते. साडी मला फार आवडली होती.

बँकेतल्या एका मैत्रिणीची बहीण वकील आहे. तिला फोन केला. मुलींना हक्क २००५ साली मिळाला असं मी ऐकून होते. ती म्हणाली, ‘अगं, ते वडिलोपार्जित मिळकतीचं. महाराष्ट्रात ते १९९४ लाच आलं, केंद्रानं २००५ मध्ये केलं आणि वडील तेव्हा हयात असोत-नसोत मुलीचा हक्क जन्मानंच, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलं. तुमचं तर वडिलांच्या कमाईचं घर. त्यात मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगा, मुलगी सारखे वाटेकरी. हे १९५६ च्या कायद्यापासून आहे.’ १९५६. म्हणजे माझ्या जन्माच्या १९ वर्षं आधीपासून. आत्याच्या साडीच्या ३१ वर्षं आधीपासून.

‘पण सोडायचा असेल तर सोड की,’ ती म्हणाली. ‘कायदा फक्त एवढंच म्हणतो की तुझं होतं म्हणून तू सोडलंस.’

फोन ठेवल्यावर हे वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मी आजवर आणखी काय काय लिहून दिलं, ते आठवायला लागले.

पहिलं म्हणजे नाव. तेही मी लिहिलं नव्हतं. १९९९ साली कार्यालयात ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं ते लिहिलं गेलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्माचं नाव चार अक्षरी, सासरचं दोन अक्षरी, म्हणजे तशी काटकसरच. नवऱ्यानं आदल्या आठवड्यात विचारलं होतं, ‘तुला चालेल ना? नाही तर राहू दे.’ मला चाललं. खरं सांगायचं तर त्यातलं काहीच मला तेव्हा खुपलं नव्हतं. खुपलं ते आत्ता. दप्तरासाठी वकिलांनी प्रतिज्ञापत्र मागितलं, की शाळेच्या दाखल्यावरची अमुक आणि आधारवरची तमुक ही एकच व्यक्ती आहे. शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं विचारलं, ‘दोन्ही तुम्हीच ना?’ मी हो म्हणाले. ‘पुरावा?’ म्हणाला. लग्नपत्रिका दाखवली.

अकरावीच्या प्रवेश अर्जाचं फारसं सांगण्यासारखं नाही. भूगोल आवडायचा, नकाशे काढायला आवडायचे, कॉमर्सला गेले. त्या काळात पुण्यात अशा हजारो मुली असतील. पुढे.

पुढे २००६. क्लार्कची ऑफिसर होण्याची संधी आली. बढती म्हणजे बदली, बदली म्हणजे तीनेक वर्षं जिल्ह्याबाहेर. मुलगी पाच वर्षांची, सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्यावेळचं आमच्या घरातलं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं : ‘तुझं तू ठरव.’

या वाक्यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. ‘लोक काय म्हणतील’ असं आमच्याकडे कधी कुणी म्हणालं नाही, आम्ही सुशिक्षित. आरडाओरडा नाही, बंदी नाही, धमकी तर नाहीच. फक्त ‘तुझं तू ठरव’. मग थोडी शांतता. मग सासूबाई उठताना गुडघ्यावर हात ठेवतात. मग नवरा पेपरची घडी घालतो आणि म्हणतो, ‘काय ठरवशील त्याला माझा पाठिंबा आहे.’ मग मुलगी विचारते, आई, रत्नागिरी किती लांब आहे. एवढं झालं की ठरवायला उरतं काय? तुम्ही ‘नाही जात’ म्हणता आणि सगळे म्हणतात, तुझा निर्णय हं, आम्ही काही म्हटलं नव्हतं. खरंच म्हटलेलं नसतं. लिहून देणार आपण, मजकूर हवेतून आलेला.

‘कौटुंबिक कारणास्तव मी पदोन्नती स्वीकारू शकत नाही.’ हे पत्र मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. त्याची प्रत माझ्या फाईलीत होती, हक्कसोडपत्राच्या निमित्तानं कपाट उपसलं तेव्हा सापडली. कागद पिवळा पडलाय.

इथपर्यंत ही गोष्ट मला फार सोयीची आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या कपाटात हेच पत्र असेल आणि ते वाचून डोळे पुसायला हरकत नाही. पण त्या रात्री पत्र हातात घेऊन बसले असताना एक गोष्ट आठवली, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती. बढतीची बातमी आली त्या दिवशी, घरी कुणालाही सांगायच्या आधी, बँकेच्या जिन्यात उभी असताना मला पोटात गोळा आला होता. तो घराचा विचार करून आलेला नव्हता. एकटीनं नव्या गावात खोली घ्यायची, कर्जाच्या फायलींवर सही करायची, ती फसली तर चौकशी, हाताखाली आपल्याहून वयानं मोठे लोक. मला जमणार नाही असं वाटलं. मग घरी आले आणि सासूबाईंचे गुडघे, मुलीची शाळा, नवऱ्याची घडी घातलेली पेपरची पानं सगळी माझ्या मदतीला धावून आली. मला ‘नाही’ म्हणायचंच होतं. त्यांनी कारण पुरवलं.

आणि मग १९ वर्षं मी ते कारण वापरलं. भांडण कशावरूनही निघो, गॅसचा नंबर लावण्यावरून का असेना, शेवटी माझा हुकमी एक्का ठरलेला : ‘मी तुमच्यासाठी प्रमोशन सोडलं.’ नवरा गप्प बसायचा. सासूबाई होत्या तोवर त्याही गप्प बसायच्या. दुसऱ्यांच्या अपेक्षांच्या मागे किती मस्त लपता येतं! सावली असते, वारा असतो, वर सहानुभूतीही मिळते. तिथून उठून बाहेर यायला मला २०२५ साल उजाडलं.

नवऱ्याला हे सांगितलं. वाटलं, चिडेल. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘मला थोडीफार कल्पना होती.’ मग जरा वेळानं, ‘पण मीही काही जा म्हणालो नव्हतो.’ दोन्ही खरं होतं. आम्ही टीव्ही लावला.

प्रतिज्ञापत्राच्या कामासाठी फिरताना लक्ष्मी रोडवरून चालत गेले. माझी शाळा तिथलीच, हुजूरपागा. १८८४ साली मुलींसाठी निघालेली. नाव पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेवरून पडलं, म्हणून आम्हाला मुलं काय चिडवत असत ते सांगायला नको. शाळेच्या संस्थापकांत न्यायमूर्ती रानडे. थोडं पुढे गेलं की सेवासदन, बायकांना शिकवणारी संस्था, जिच्याशी रमाबाई रानड्यांचं नाव जोडलेलं. शाळेत या दोघांवर निबंध लिहून मला दहापैकी आठ मिळाले होते. निबंधात एक गोष्ट घातली नव्हती, कारण ती मला पचली नव्हती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे १८७३ साली विधुर झाले. सगळ्यांची अपेक्षा, ते विधवेशी लग्न करतील. वडिलांची अपेक्षा नेमकी उलट. रानडे ३१ वर्षांचे, शिकलेले, सरकारी हुद्द्यावरचे. त्यांनी वडिलांचं ऐकलं आणि ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून सनातन्यांनी गदारोळ केला, तेव्हाही पुढे त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एवढा मोठा माणूस, पण घर आणि समाज समोर उभे राहिले की त्यांनीही लिहून दिलं. शाळेत असताना मला याचा राग यायचा. त्या दिवशी फुटपाथवर रुमालवाल्याशेजारी उभी राहून मला जरा त्यांच्याजवळचं वाटलं.

त्या ११ वर्षांच्या मुलीचं माहेरचं नाव यमुना. लग्नानंतर रमा. आणि दुसरी यमुना म्हणजे आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, गोपाळरावांनी नाव बदललं, त्यांनीच शिकवलं, शिकवताना छळलंही आणि डॉक्टर व्हायचं खूळ आधी त्यांच्याच डोक्यातलं. १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. वय २१. हे सगळं नवऱ्याच्या अपेक्षेचं ओझं होतं असं म्हणून मोकळं होता येईल. पण १४ व्या वर्षी तिचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. तो विषय गोपाळरावांचा असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्यानं खांद्यावर टाकलेलं ओझं चालता चालता कुठल्या वळणावर आपलं होतं, ते बाहेरून बघणाऱ्याला सांगता येत नाही. रमाबाईंचंही तेच. शिकवायची हौस रानड्यांची, घरातल्या बायकांचे टोमणे तिच्या वाट्याला. पण रानडे १९०१ साली गेले आणि पुण्याचं सेवासदन उभं राहिलं १९०९ मध्ये. तेव्हा ‘तुझं तू ठरव’ म्हणायलाही कुणी नव्हतं.

शनिवार मी पुढे ढकलला. भावाला कळवलं, थोडा वेळ हवाय. तिथून खरी गंमत सुरू झाली.

बँकेत डब्याच्या वेळी एकमुखानं ठराव झाला : अजिबात सोडू नकोस. बंगळूरहून मुलीचा फोन, ‘आई, तू सही केलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.’ नणंद म्हणाली, ‘मी सोडलं बाई, माझं काय बिघडलं? माहेर टिकलं.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, निम्मी रक्कम घे आणि सोड. मैत्रिणीची वकील बहीण म्हणाली, बायकांनीच असं सोडत राहायचं तर कायदे केले कशाला? प्रत्येकीचं बरोबर होतं. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की आधी एकच मसुदा होता, आता पाच झालेत. जुन्यात मी गुणी बहीण होते, नव्यात लढाऊ बाई. ‘धंदा’ मात्र कुठल्याच मसुद्यात मला विचारून लिहिलेला नव्हता. लेकीचं दडपण तर भावाच्या दडपणाहून जड, कारण ती चुकत नाही असं मला मनातून वाटतं.

भावाला अमृततुल्यमध्ये भेटले. घरी भेटलो असतो तर वहिनीनं पोहे केले असते आणि पोह्यांसमोर कठीण बोलता येत नाही. तो दमलेला दिसत होता. बाबांच्या शेवटच्या दीड वर्षात आठवड्यातून दोनदा डायलिसिसला त्यानंच नेलं. मी रविवारी जायचे, फळं घेऊन. हे मी विसरलेली नाही, तोही नाही, आणि आम्ही दोघंही ते बोलत नाही.

‘ताई, तुला पैसे हवेत का? सरळ सांग.’

‘नकोत.’

‘मग?’

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू आधी विचारायला हवं होतंस, असं म्हणणार होते, पण ते मानापमानाचं वाटलं असतं. कदाचित होतंही. म्हटलं, ‘मला आईशी बोलायचंय.’ तो म्हणाला, ‘आईचं काय, ती करेल सही.’ आणि मग चमचा बशीत फिरवत बसला. मला वाटतं, ते वाक्य त्यालाही ऐकू आलं असावं.

आई पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती. मी तिला सातही पानं वाचून दाखवली. नशापाण्याला ती मनमुराद हसली. मग चष्मा काढून म्हणाली, ‘म्हणजे मीपण सोडायचं?’

‘हो. तू क्रमांक एक.’

‘मला तो म्हणाला होता, सह्या आहेत. कशाच्या ते नाही म्हणाला.’

‘त्याला वाटलं असेल, तुला काय विचारायचं, मुलगाच तर आहे.’

‘मुलगा आहे म्हणून काय झालं? मी त्याला भाजीचे पैसेसुद्धा मोजून देते.’

मग ती उठली आणि देवघराच्या खणातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. आत रेशनकार्डाच्या घडीत एक पावती. १९८१ ची, लक्ष्मी रोडवरच्या पेढीची. चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्याची. फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडत होते. या पाटल्यांचा मी कधी उल्लेखही ऐकला नव्हता. लग्नातल्या फोटोत त्या दिसतात, त्यानंतरच्या एकाही फोटोत नाहीत, आणि इतकी वर्षं अल्बम चाळूनही माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

‘करारावर तुझं नाव का नाही घातलं?’

‘तेव्हा कोण घालायचं? हे म्हणाले, आपल्या दोघांचंच आहे. ते खोटं नव्हते बोलत.’ पावतीची घडी तिनं परत जुन्याच रेषांवर घातली. ‘पण कागदावर नाही लिहिलं ना.’

आणि मग, शब्दकोडं पुढ्यात ओढून, जणू पाच अक्षरी शब्द सांगावा तशी म्हणाली, ‘मी नाही सही करणार.’

मी इतके दिवस विचार करत होते, लोकांना विचारत होते, लक्ष्मी रोडवर उभी राहून एकोणिसाव्या शतकापर्यंत जाऊन आले होते. तिला साडेतीन मिनिटं लागली. तिच्या मागण्या तयारच होत्या. नव्या करारात तिचं नाव पहिलं. ओट्यासमोर खिडकी. आणि काम चालू असेपर्यंतचं भाड्याचं घर मृत्युंजयेश्वराच्या देवळापासून चालत जाण्याच्या टप्प्यात, बाणेरला अकराव्या मजल्यावर नाही. ‘आणि तुझ्या हिश्श्याचं,’ ती म्हणाली, ‘मला विचारू नकोस. ते तुझं तू ठरव.’

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. तिनं गुडघ्यावर हात ठेवला नव्हता. शांतता वगैरेही काही नव्हती. ती खरंच पुढचा शब्द शोधत होती.

माझा तिसरा हिस्सा मी ठेवला. त्याचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. भावाला देईन, मुलीला देईन, विकून एकदा लांबच्या देशात नकाशांची संग्रहालयं बघायला जाईन, काहीही. घाईनं ठरवायचं नाही, एवढंच ठरवलंय. त्यागाची वाक्यं मात्र बंद केलीत. गेल्या महिन्यात गॅसच्या नंबरावरून भांडण झालं तेव्हा सवयीनं तोंड उघडलं होतं. नवरा वाट बघत होता. मी नुसतंच गॅसबद्दल बोलले. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

फुकटात झालं नाही हे. त्या दिवाळीत भाऊबीजेला भाऊ आला, ओवाळून घेतलं, पाकीट ठेवलं आणि ‘पार्किंग नाही मिळालं, गाडी रस्त्यावर आहे’ म्हणून वीस मिनिटांत गेला. वहिनीच्या मेसेजमध्ये पूर्वी वाक्यं असायची, आता अंगठा येतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी टाकलेल्या फराळाच्या फोटोखाली फक्त आत्याचं उत्तर आलं : ‘चकली छान दिसते.’ ती आता ८२ वर्षांची आहे. मी तिला फोन केला, साडीबद्दल विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. आम्ही भाजणीबद्दल बोललो.

करार नोंदवायला मार्चमध्ये गेलो, तिघंही. पुण्यातल्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांना तालुक्यावरून ‘हवेली क्रमांक अमुक’ म्हणतात. वाडवडिलांची हवेली असल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात अरुंद जिना, टोकन आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मसुदा आता नवा होता. लिहून देणारांत आई पहिली, भाऊ दुसरा, मी तिसरी. माझ्यापुढे ‘धंदा : नोकरी’. आईनं स्वतःच्या नावापुढचं घरकाम बदलू दिलं नाही. ‘तेच तर केलं ना मी,’ म्हणाली. भाऊ ओळख पटवणाऱ्या साक्षीदारांना चहा आणायला गेला आणि परत आला तेव्हा माझ्यासाठी बिनसाखरेचा होता.

आमचं टोकन आलं. कॅमेऱ्यासमोर आई एकदम ताठ बसली, पासपोर्टच्या फोटोला बसतात तशी. अंगठ्याचा ठसा मशीन घेईना, पदराला पुसून तिसऱ्यांदा घेतला. मग टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, ‘मजकूर वाचलाय ना? मान्य आहे? राजीखुशीनं?’ या प्रश्नांना एका दमात ‘हो’ म्हणायचं असतं. भाऊ म्हणाला.

‘एक मिनिट,’ मी म्हणाले आणि पान तीन उघडलं. मसुदा घरी वाचला होता, दोनदा. पण छापील प्रतीत काही बदललंय का ते बघायचं होतं.

मागच्या रांगेतून आवाज आला, ‘मॅडम, हे घरून करून यायचं असतं.’

‘अहो, वाचू द्या तिला,’ आई मागे न वळता म्हणाली. मग खुर्ची जवळ ओढून माझ्या कानाशी, ‘जरा मोठ्यानं वाच. खिडकीचं लिहिलंय का बघ.’